सेवाग्रामचे विद्यार्थी-शेत

वर्ध्याहून सेवाग्रामास जाणारा प्रवासी बहुधा बापूंची कुटी पाहून परततो. गतवर्षी आषाढात मी मात्र आश्रमालगतची आनंद निकेतन ही शाळा पाहावयास मुद्दाम गेलो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. मध्यंतरी खंडित झालेली ती 'नयी तालीम' येथे २००५ पासून पुन्हा सुरू आहे.

पाऊस उघडला होता. काळ्या मातीत मुले निंदण करीत होती. एका वाफ्यात वांगी, दुसऱ्यात भेंडी, पलीकडे कपाशी व तिच्या ओळींमध्ये तूर. एवढी पिके एकत्र कशास, असे विचारता एका कुमाराने सांगितले, की तुरीच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. शिवाय एक पीक बुडाले तरी दुसरे हाती राहते. त्याच्या वहीत वाफ्याचे क्षेत्रफळ व बियाण्याचा खर्च टिपलेला होता. त्याला गणित निराळे शिकवावे लागत नसावे.

मलाही खुरपे धरण्याची इच्छा झाली. दोन रोपे उपटतो न उपटतो तोच एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, ती तूर आहे नं! गवत नाही."

मी ओशाळलो. 'सीता' म्हणजे नांगराचे तास, हा अर्थ मी वर्षानुवर्षे वर्गात सांगितला; परंतु जिचे वरण रोज जेवतो, त्या तुरीचे रोप मला ओळखता येऊ नये!

याहून बोचली ती दुसरीच आठवण. ज्यांचे शब्दरूपांचे पाठांतर होत नसे, त्या मुलांस मी शाळेच्या बागेला पाणी घालावयास धाडीत असे. ती शिक्षा होती. श्रम म्हणजे शिक्षा, हा एक धडा मात्र माझ्या सर्वच विद्यार्थ्यांस बिनचूक पाठ झाला असावा.

मुलीने ते रोप उचलून ओल्या मातीत पुन्हा दाबले. "जगेल का?" मी विचारले. "पाऊस आला तर जगेल," असे म्हणून ती पुढल्या ओळीकडे वळली.

वाचकांपैकी जे शिक्षक वा पालक असतील, त्यांस एवढीच विनंती, की मुलांच्या हाती खुरपे द्यावे. पण ते रागावून देऊ नये, आणि शक्य तर त्यांच्याशेजारी आपणही बसावे.