स्ट्रॅटफर्डची जोन

लंडनच्या सेंट्रल लाइनवर स्ट्रॅटफर्ड आलं, की गर्दीचा लोंढा वेस्टफील्ड मॉलकडे वळतो. २०१२च्या ऑलिंपिकने पूर्व लंडनच्या या भागाचा चेहरामोहराच बदलून टाकला. नाटकवेड्या प्रवाशाने मात्र उलट दिशेने, जुन्या बाजाराकडे निघावं. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड हे नव्हे. इथे जेरी रॅफल्स चौकात १८८४ साली उघडलेलं थिएटर रॉयल उभं आहे.

दारापुढे नाट्यदिग्दर्शिका जोन लिटलवुड ब्राँझमध्ये बसली आहे. डोक्यावर टोपी, बैठक दगडविटांच्या ढिगाऱ्यावर. हा पुतळा २०१५चा. ढिगाऱ्यालाही कारण आहे: १९७०च्या दशकात आजूबाजूच्या इमारती पाडल्या जात होत्या, तेव्हा लोकांनी भांडून हे नाट्यगृह वाचवलं.

जोनचा जन्म १९१४चा, दक्षिण लंडनमधल्या स्टॉकवेलचा. ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळाली, पण तिथला उच्चभ्रू थाट तिला मानवला नाही. शिक्षण अर्धवट टाकून तिने मँचेस्टर गाठलं आणि इवान मॅकॉलसोबत कामगारांची नाटकं बसवली. १९४५मध्ये ‘थिएटर वर्कशॉप’ उभं राहिलं. आठ वर्षं गावोगाव फिरून मंडळींनी १९५३मध्ये ही कळकट वास्तू भाड्याने घेतली. नटांनीच झाडलोट केली, भिंती रंगवल्या. खोलीभाडं परवडत नव्हतं, म्हणून रंगपटातच पथाऱ्या पडल्या.

१९ वर्षांच्या शीला डेलानीचं ‘अ टेस्ट ऑफ हनी’ १९५८मध्ये इथेच उभं राहिलं. तालमीत संहिता मोडायची, नटांनी प्रसंग फुलवायचे, त्यातून नाटक पुन्हा घडवायचं, ही जोनची रीत. त्या काळी संहिता सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. मंजूर नसलेले संवाद रंगमंचावर बोलले गेले म्हणून त्याच वर्षी संस्थेला कोर्टात दंड झाला.

१९६३चं ‘ओ, व्हॉट अ लव्हली वॉर’ तर अंगावर काटा आणणारं. विषय पहिलं महायुद्ध, पण खाकीऐवजी नटांच्या अंगावर विदूषकांचे ढगळ पांढरे पोशाख. पुढे सैनिकांची गाणी रंगात आलेली आणि मागच्या फलकावर सरकत जाणारे मृतांचे आकडे.

नाटकं लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, वेस्ट एंडला गेली, पैसा आला. पण नटही तिकडेच अडकले आणि तालमींतून घडलेला संच मोडत गेला. दारिद्र्याने झालं नव्हतं एवढं जोनचं नुकसान यशाने केलं. संस्थेचा व्यवहार सांभाळणारा तिचा जोडीदार जेरी रॅफल्स १९७५मध्ये गेला. ती फ्रान्सला निघून गेली आणि २००२मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने पुन्हा नाटक बसवलं नाही.

थिएटर रॉयल आजही चालू आहे. लंडनला जाल तेव्हा वेस्ट एंडची नाटकं जरूर पाहा, पण एक संध्याकाळ स्ट्रॅटफर्डसाठी राखून ठेवा. पुतळ्यासोबत फोटो काढून परतू नका, तिकीट काढून आत जा.