नाममुद्रा

वाद्यवृंद मोडला म्हणजे समीक्षकाला वाटणीपत्र लिहिण्याचा मोह होतो. १९७० साली बीटल्सच्या बाबतीत तसेच घडले. त्या एका वर्षात चौघांच्याही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाल्या. रिंगो स्टारने जुनी लोकप्रिय गाणी गायिली. पॉल मॅकार्टनीने जवळजवळ सर्व वाद्ये स्वतःच वाजविली. जॉन लेननने आपले दुःख कोणताही आडपडदा न ठेवता मांडले. आणि जॉर्ज हॅरिसनने तर तीन तबकड्यांचा संचच रसिकांपुढे ठेवला. माधुर्य कोणाचे, धार कोणाची, अध्यात्म कोणाचे, असा हिशेब मग सुरू झाला. तो अद्यापि मिटलेला नाही.

या हिशेबाविषयी शंका उत्पन्न करणारी घटना मात्र त्यापूर्वी दोन वर्षे मुंबईत घडून गेली होती. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने एचएमव्हीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी संगीत मुद्रित केले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, शंभू दास यांची सतार, जोडीला शहनाई व बासरी असा तो मेळ होता. त्यातून, आणि लंडनमधील ध्वनिमुद्रणांतून, सिद्ध झालेली 'वंडरवॉल म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका बीटल्सपैकी एकाची पहिली स्वतंत्र कृती मानली जाते. वस्तुतः ती बहुतांशी वाद्यसंगीताची आहे; गीत म्हणावे असे तीत जवळजवळ काही नाही. मुंबईच्या त्याच सत्रांत 'द इनर लाइट' या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. त्यात अन्य तिघांपैकी एकाचेही वाद्य नाही. लेनन व मॅकार्टनी यांचे स्वर तेवढे पुढे लंडनमध्ये अखेरीस मिसळले. तथापि मार्च १९६८ मध्ये ते गीत बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले. ताओवादी चिनी ग्रंथातील आशय, तो हॅरिसनला सुचविणारे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो, मुंबईचे वादक आणि लिव्हरपूलचा कंठ: यांत 'समूह' कोणता आणि 'व्यक्ती' कोणती?

'नामा' ही मुद्रा असलेला अभंग नामदेवांचा की विष्णुदास नाम्याचा, हे ठरविताना मराठीचा अभ्यासक जी सावधगिरी बाळगतो, ती येथेही हवी. मुद्रा ही कृतीवरील खूण आहे. ती निर्मितीचा संपूर्ण वृत्तान्त नव्हे.

हॅरिसनच्या १९७० मधील 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या संचाकडे दबलेल्या प्रतिभेचा उद्रेक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो अर्धा खरा आहे. शीर्षकगीताची तालीम जानेवारी १९६९ मध्ये समूहात झाली होती. पण समूहाने ते आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले नाही. उरलेला अर्धा भाग असा, की या 'स्वतंत्र' संचातही एरिक क्लॅप्टनची गिटार आहे, फिल स्पेक्टरचे निर्मितिसाहाय्य आहे, आणि काही गीतांत ड्रम वाजविणारा रिंगो स्टारच आहे. त्यातीलच 'माय स्वीट लॉर्ड' या गीतात ख्रिस्ती जयघोष व वैष्णव नामसंकीर्तन एकत्र येतात. त्याच्या चालीबाबत १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नेणिवेतून घडलेल्या अनुकरणाचा ठपका ठेवला. म्हणजे एकट्याच्या नेणिवेतही दुसऱ्यांचे स्वर होतेच.

म्हणून अशा कृतींचे परीक्षण करताना चौघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न फार दूर नेत नाही. समूहाने कशाला जागा दिली नाही आणि ती जागा मिळताच तेथे कोण कोण येऊन बसले, हे पाहणे अधिक फलदायी आहे. तसे पाहिले, तर मुंबईच्या त्या वादकांची नावे तळटीपेतून मुख्य मजकुरात आणावी लागतील.