जॉब जर्मनीत, क्लास उमरीत!

परदेशात फुलटाइम नोकरी आणि वीकएंडला थोडं फ्रीलान्स, असा प्लॅन असेल तर आधी नांदेड जिल्ह्यातल्या या छोट्या गावाची गोष्ट वाचा.

उमरीत कुणालाही विचारा, 'तुम्ही काय करता?' उत्तर एका शब्दात मिळणार नाही. मोबाइल रिपेअरिंगवाला लग्नसराईत फोटोग्राफर होतो. किराणावाला सीझनला कापूस आणि सोयाबीनच्या खरेदीत असतो. एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याची विम्याची एजन्सी असते, अर्थात बायकोच्या नावावर! आपण पुण्या-मुंबईत ज्याला ऐटीत 'साइड गिग' म्हणतो, ते इथे बापजाद्यांपासून चालू आहे. फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नाही.

गाव मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, मुदखेड आणि धर्माबादच्या मधे. लाइन निजामाच्या काळातली. पुढे धर्माबाद ओलांडलं की तेलंगणा. त्यामुळे बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि उर्दूही कानावर पडते. कापसाच्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांची रांग, दुपारी दुकानांची शटरं अर्धी खाली आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर अख्खं गाव. टिपिकल मराठवाडा.

माझा पुण्यातला जुना रूममेट इथला. नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग, मग पुण्यात आयटी आणि आता जर्मनीत नोकरी. सुट्टीवर आला होता, म्हणून मीही बॅग भरली.

'तुझं नावच कुठं येत नाही'

दुसऱ्याच दिवशी गावातला एक क्लासवाला घरी आला. बारावीच्या पोरांना गणित शिकवायला मास्तर मिळेना. मित्राने शनिवार-रविवारी जर्मनीतून ऑनलाइन शिकवावं, महिन्याला पंधरा हजार. 'पैसे तुझ्या बाबांच्या हातात देतो. तुझं नावच कुठं येत नाही,' त्याने तोडगाही सांगून टाकला.

मित्राला शिकवायचंच होतं. याच गावात गणितासाठी त्याने स्वतः नांदेडच्या खेपा घातल्या होत्या. तरी तो गप्प बसला. काका म्हणाले, "आपल्याच गावच्या लेकरांना शिकवायला जर्मनीची परवानगी कामून लागती रे?"

लागते! नोकरीसाठी मिळालेल्या रेसिडन्स परमिटसोबत कुठलं काम करता येतं, याच्या अटी लिहिलेल्या असतात. नोकरीला परवानगी म्हणजे स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नव्हे. ती वेगळी मागावी लागते, 'आउसलेंडरबेहोर्डे' म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसकडून. जर्मनीच्या निवास कायद्यात तशी सोय आहे, पण मूळ नोकरी चालू राहिली पाहिजे. कंपनीलाही विचारायचं. बहुतेक करारांत जोडकामाची माहिती द्यायची अट असते. काम स्पर्धक कंपनीचं नसेल आणि ऑफिसच्या कामाच्या आड येत नसेल, तर सहसा अडवत नाहीत.

मग नोंदणी. इथे जर्मन लोक एक गमतीदार फरक करतात. शिकवणं, लेखन, भाषांतर ही 'फ्रायबेरुफ्लर' कामं. त्यांना व्यवसायाचा परवाना लागत नाही, काम सुरू केल्यापासून महिन्याभरात टॅक्स ऑफिसचा ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. दुकान, वस्तूंची विक्री वगैरे असेल तर ते 'गेवेर्बे', त्याची नोंद आधी पालिकेच्या कार्यालयात. सॉफ्टवेअरचं काम दोन्हींच्या मधे लोंबकळतं, म्हणून आधीच विचारलेलं बरं. मागच्या वर्षाची उलाढाल २५ हजार युरोंच्या आत असेल तर छोट्या व्यावसायिकाला तिथल्या व्हॅटमधून सूट घेता येते. ही मर्यादा २०२५ पासूनची.

आणि बाबांच्या हातातले पैसे? जर्मनीत राहणाऱ्याला जगभरच्या कमाईवर तिथे हिशोब द्यावा लागतो. कमाई मित्राची, मग रोकड उमरीच्या कपाटात असली म्हणून ती बाबांची होत नाही. एवढं करून प्रकरण उघडकीला आलं तर? पणाला पंधरा हजार नाहीत, परमिट आहे. आणि त्याच परमिटवर घराचं कर्ज आणि बहिणीचं शिक्षण चाललंय.

पै न पैची सवय

उमरीत आलात आणि बँकेची गोष्ट ऐकली नाही, असं होत नाही. ३० जानेवारी १९४८. हैदराबाद संस्थान अजून भारतात आलं नव्हतं. स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी उमरीची बँक लुटली. रक्कम वीस लाखांच्या घरात, त्या काळातली! सप्टेंबरात संस्थान विलीन झालं. पण गावकरी ही गोष्ट सांगताना लुटीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर रंगतात, ती म्हणजे या पैशाचा ठेवलेला हिशोब. कुणाच्या खिशात गेला नाही, हे सांगताना आवाज चढतो.

मला वाटतं, जोडधंदा आणि चोरटा धंदा यांत एवढाच फरक आहे. काम तेच असतं. एक वहीत असतं, दुसरं बायकोच्या, बापाच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावामागे लपतं. आणि लपलेल्या कामाचे पैसे बुडाले तर मागायला तोंड नसतं.

रात्री जेवताना काकाच म्हणाले, "आम्हालाबी होतंच की." ते निवृत्त झेडपी शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी ट्युशनची बंदी आहे. "लोक घ्यायचे. मी नाही घेतली. तू कामून घाबरत घाबरत शिकवावं? विचारून घे, मग छाती काढून शिकव."

मित्राने त्याच रात्री एचआरला मेल टाकला. क्लासवाल्याला सांगितलं, परवानगी आली तर पुढच्या बॅचपासून, आणि पैसे माझ्याच खात्यात, पावती देऊन. क्लासवाला वैतागला, पण थांबायला तयार झाला. या वर्षीच्या पोरांना मात्र गणिताचा मास्तर मिळालेला नाही, आणि ते मित्राला लागलंय.

परदेशात असाल तर

• काम घेण्याआधी परमिटवरच्या अटी वाचा. अमेरिकेत एच-वन-बी वर असाल तर ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम, बाहेरचं फ्रीलान्स नाही.

• नोकरीचा करार काढा, जोडकामाचं कलम शोधा, परवानगी लेखी घ्या.

• एनआरआय झाल्यावर गावातलं जुनं बचत खातं तसंच चालवू नका, ते एनआरओ करून घ्या.

जायचं कसं?

मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडा, सकाळी नांदेड. तिथून उमरीला रेल्वे किंवा एसटी. हिवाळ्यात जा, कापसाचा बाजार बघायला मिळेल. आणि टपरीवर बँकेचा विषय काढा. चहाचे पैसे तुम्हाला कुणी देऊ देणार नाही!