आग्वादचं जुनं दीपगृह

दिल्लीतल्या पहाडगंजच्या मेन बाजारात ट्रॅव्हल एजंटांच्या पाट्यांवर मनालीच्या जोडीला गोवा हटकून असतो. इथं, नूतन मराठी शाळेच्या परिसरात वाढलेल्या माणसाला दीपगृहांचं वेड लागावं, याचं घरच्यांना नवल वाटतं. पण निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेस पकडली ती आग्वादचं जुनं दीपगृह बघायलाच.

पणजीहून मांडवी ओलांडून कांदोळीच्या वाटेनं सिकेरीला यायचं आणि चढ चढायचा. डचांच्या धास्तीनं पोर्तुगीजांनी आग्वादचा किल्ला बांधला, तो 1612 मध्ये पुरा झाला. जांभ्याचा कोरडा खंदक ओलांडला की मोकळं पटांगण लागतं. त्याच्या पोटात खांबांवर तोललेली पाण्याची प्रचंड टाकी आहे. महिनोन्‌महिने समुद्र कापून आलेली जहाजं इथं गोडं पाणी भरून घेत.

पटांगणाच्या कडेला 1864 चं दीपगृह. गोल, पांढरं आणि अगदी बुटकं: उंची जेमतेम 13 मीटर. बाकीची उंची टेकडीनं दिलेली. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि पावसाळ्यात तो जहाजांची वाट अडवतो. अशा मुखाचा अंधारात अदमास द्यायचा, हे या दिव्याचं काम. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटाही काही वर्षं याच किल्ल्यावर होती. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही तिथंच आहे. 1976 मध्ये जवळच नवं दीपगृह उभं राहिलं आणि हा दिवा कायमचा बंद झाला. दाराला कुलूप होतं. भिंतीवरून हात फिरवला, तर चुन्याची भुकटी बोटांना लागली.

याच टेकडीच्या पायथ्याशी, पाण्यालगत, पोर्तुगीजांचा तुरुंग. 1946 मध्ये राममनोहर लोहिया इथं कोठडीत होते. 1967 मध्ये दिल्लीच्या ज्या विलिंग्डन हॉस्पिटलात त्यांचं निधन झालं, ते आता त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पहाडगंजहून रिक्षानं थोड्याच वेळात तिथं पोचता येतं. रोज त्यावरून जाणाऱ्या कितीजणांना आग्वाद ठाऊक असेल? वर परक्या जहाजांना वाट दाखवणारा दिवा आणि खाली गोव्याची मुक्ती मागणारे कैदी. एकाच सत्तेनं ही दोन्ही कामं एका टेकडीवर केली. तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे, ते फार चांगलं झालं.

दीपगृहाचा जिनाही डागडुजी करून लोकांना खुला करायला हवा. तोवर तुम्ही गेलात, तर वर फोटो काढून परतू नका. खालच्या कोठड्याही बघून या.