आधी मोजे काढा

भाची ह्यूस्टनला जीवशास्त्राची पदवी घेतेय. गेल्या दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मावशी, नर्स प्रॅक्टिशनर होऊ की पीए? पगार कुठे जास्त?"

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. २०२१ साली त्यांच्या संघटनेनं 'असिस्टंट'चं 'असोसिएट' करायचं ठरवलं, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. मी म्हटलं, पगारात फारसं डावंउजवं नाही. कामातही नाही. दोघंही रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात.

"मग फरक काय?" चकली मोडत ती म्हणाली.

फरक आहे तो कुठल्या वाटेनं आलात याचा. मी मिरजेहून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून अमेरिकेत आले, इथली परीक्षा देऊन आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, झाले, अकरा वर्षं वॉर्डात काढली आणि मग मास्टर्स करून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर झाले. आधी नर्स, नंतर बाकीचं. पीएला नर्स असावं लागत नाही. त्यांचा अभ्यासक्रम डॉक्टरांच्या शिक्षणाच्या धर्तीवरचा, साधारण २७ महिन्यांचा. त्यात २००० तासांच्या आसपास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये: सर्जरी, बाळंतपण, मानसोपचार, इमर्जन्सी, सगळीकडे फिरून. त्यामुळे पीए आज हाडांच्या डॉक्टरांकडे, तर उद्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नोकरी धरू शकतो. आम्हाला मात्र कुटुंब, बालकं, नवजात, मानसिक आरोग्य यांपैकी काय ते प्रवेश घेतानाच ठरवावं लागतं. पुढे मन बदललं, तर पुन्हा कॉलेज.

गंमत म्हणजे दोन्ही वाटा निघाल्या एकाच साली, १९६५ मध्ये. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्सना मुलांची तपासणी शिकवायला सुरुवात केली. तिकडे ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पीएंची पहिली तुकडी घेतली. पण स्टेड यांनाही आधी नर्सच हव्या होत्या! थेल्मा इंगल्स या नर्सच्या साथीनं त्यांनी तसा अभ्यासक्रम चालवलाही होता. नर्सिंग शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला मान्यता दिली नाही. मग त्यांनी नौदलात जखमींची शुश्रूषा केलेले चार जण निवडले. त्यांतले तिघं १९६७ साली पास झाले. ती मान्यता मिळाली असती, तर भाचीला हा प्रश्न कदाचित पडलाच नसता.

आम्हा नर्स प्रॅक्टिशनरांवर नेहमीचा आक्षेप म्हणजे क्लिनिकल तास कमी. किमान ५०० होते, २०२२ च्या मानकांत ते ७५० झाले. यावर आमचं ठरलेलं उत्तर: नर्सची खाटेशेजारची वर्षं धरा की! मीही ते छाती पुढे काढून देत असे. मग एकदा माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन विद्यार्थी आले. मुलगी नर्सिंगची पदवी घेऊन थेट प्रॅक्टिशनरच्या वर्गात बसलेली, वॉर्ड जेमतेम पाहिलेला. मुलगा पीएचा, पूर्वी सैन्यात मेडिक. मधुमेहाचे एक आजोबा आले. मुलीनं स्क्रीनवरचे आकडे वाचून औषधाचा डोस बिनचूक सांगितला. मुलानं आजोबांना विचारून, गुडघ्यावर बसून त्यांचे मोजे काढले. अंगठ्याखाली जखम होती. आजोबांना त्याची जाणीवच नव्हती.

ज्या नजरेची मी फुशारकी मारत होते, ती त्या मेडिककडे होती. तेव्हापासून ते ठरलेलं उत्तर मी देत नाही.

सही कुणाची चालते, हा आणखी एक गुंता. मी एल पासोत, टेक्ससमध्ये काम करते. इथं औषध लिहायला मला डॉक्टरशी लेखी करार लागतो. गावाला खेटूनच न्यू मेक्सिकोची हद्द लागते. तिथलं लायसन्स असलं, तर हीच नर्स प्रॅक्टिशनर करारावाचून स्वतःचा दवाखाना थाटू शकते. शिक्षण तेच, अक्कल तीच! स्वतःची पाटी लावायची हौस असेल, तर आमची वाट बरी.

महाराष्ट्रातून फोन येतात, "मुलगा एमबीबीएस आहे, तिकडे पीए तरी होईलच ना?" नाही होत. पीएच्या परीक्षेला बसायला इथलाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागतो. मिरजेची जीएनएम मात्र परीक्षा देऊन इथं नर्स होऊ शकते. हे ऐकून समोरचा माणूस जरा वेळ बोलत नाही.

भाचीला म्हटलं, अर्ज नंतर भर. आधी वर्षभर नर्सिंग असिस्टंट म्हणून काम कर. पीएची बरीच कॉलेजं असे तास मागतातच, आणि नर्स व्हायचं ठरलं तरी ते वाया जात नाहीत. तिनं तोंड वाकडं केलं, पण वृद्धाश्रमात रात्रपाळी धरली.

काय व्हायचं ते तिचं अजून ठरलेलं नाही. परवा रात्री दोनला मेसेज आला: "मावशी, एका आजींच्या टाचा लाल दिसतायत. नर्सला सांगितलंय. ती येईपर्यंत उशी कुठे ठेवू?"

पोटरीखाली, मी कळवलं. टाचा अधांतरी राहू देत.