सोनचिरैया आणि न्यायासन

ग्वाल्हेरकरांना करेरा हे नाव नवे नाही. इकडे ज्याला सोनचिरैया म्हणतात, तो माळढोक पक्षी आम्ही बालपणी वडिलांसमवेत तेथेच पाहिला. मान उंचावून, एखाद्या जुन्या सरदाराच्या डौलात तो माळावरून चालला होता. आम्ही हरखून गेलो, पण वाट दाखविणारा शेतकरी खिन्नपणे म्हणाला, "बाबूजी, जमीन बिकेगी नहीं, तो बेटी का ब्याह कैसे होगा?"

१९८१ साली तेथे अभयारण्य झाले होते. त्यात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने पडली. पाहता पाहता पक्षी आणि माणूस एकमेकांचे प्रतिपक्षी झाले. नव्वदीच्या दशकात माळढोक करेऱ्यातून नाहीसा झाला.

माळढोकाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयातील खटल्याची हकिगत वाचताना त्या शेतकऱ्याची आठवण झाली. या पक्ष्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला समोरचे फारसे दिसत नाही. देह जड, त्यामुळे विजेची तार जवळ येताच चटकन वळताही येत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. सारी संख्या दीडशेच्या आतबाहेर; तेथे एकेक मृत्यू भारी पडतो. म्हणून एम. के. रणजितसिंह प्रभृतींनी २०१९ साली दाद मागितली. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने राजस्थान व गुजरातेतील माळढोकाच्या प्रदेशात तारा भूमिगत करण्याचे आदेश दिले. शासनाने सौरऊर्जेची निकड व उच्च दाबाच्या तारा पुरण्यातील अडचणी मांडल्या. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या शिफारशी मान्य झाल्या; राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर क्षेत्र अग्रक्रमाचे ठरले.

सूर्याची वीज हवी, हे खरे. पक्षी हवा, हेही तितकेच खरे. अशा वेळी न्यायासनाने तोल साधावा, यात वावगे काही नाही. परंतु करेऱ्याने आम्हांस शिकविले ते वेगळेच. पक्ष्याच्या रक्षणाचा सारा भार एका गरिबाच्या शिरावर टाकला, तर कायदा कागदावर उरतो आणि पक्षी जातो. तो भार वीज वापरणाऱ्या आपण सर्वांनी वाटून घ्यावयास हवा.

आमच्या शाळेतील मुले विचारतात, "सर, सोनचिरैया कशी दिसते?" आम्ही फळ्यावर चित्र काढतो. चित्र बरे साधते. पण खडू खाली ठेवताना मुलांकडे पाहण्याचा धीर होत नाही.