थेरगावची रेशमी पेटी

थेरगाव पाहायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. पुण्याचा पाहुणा फार तर चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेतो, पवनेच्या घाटावर पाय धुतो आणि परत फिरतो. नदी ओलांडली की थेरगाव लागते, हे त्याच्या गावीही नसते. एकेकाळची ही शेतीवाडी. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, मागोमाग इतर कारखाने आले, थेरगावातच कागदाची गिरणी उभी राहिली आणि ज्वारीच्या जागी चाळी व बंगल्या पिकू लागल्या. आता डांगे चौकात रस्ता सुखरूप ओलांडणे हाच एक जादूचा प्रयोग वाटावा! केजूबाईच्या बंधाऱ्याजवळ मात्र अजून थोडा निवांतपणा आहे. पाण्यावर कधी कधी पांढरा फेस तरंगतो, तो पाहून जीव कळवळतो; पण बगळे बिचारे येतातच.

या गावात आम्ही उभयता गेलो ते एका जादूगाराच्या घरी. या पट्ट्याला जादू काही नवी नव्हे. देशोदेशी फिरून ‘प्रवासी जादूगार’ लिहिणारे रघुवीर, म्हणजे भोपळे, हे चाकणजवळच्या आंबेठाणचे. जन्म १९२४ चा. पुढे त्यांच्या मुलाने आणि नातवानेही तोच वारसा चालवला. आमचे थेरगावचे काका इतके प्रसिद्ध नाहीत. आयुष्यभर कारखान्यात पाळी केली आणि रविवारी वाढदिवस, स्नेहसंमेलने व गणपतीतले कार्यक्रम केले. वय सत्तरीचे, पण बोटे अशी, की चहाचा कप उचलला तरी आपण दुसऱ्या हाताकडे संशयाने पाहावे.

त्यांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि उघडली. आत इंद्रधनुष्य गुंडाळून ठेवलेले! लाल, पिवळे, जांभळे रेशमी रुमाल. काही वीतभर, काही दीड हात, एक तर पातळाच्या पदराएवढा. अठरा इंचांचा रुमाल वजनाला पाच ग्रॅमच्या आसपास. मुठीत दाबला तर सुपारीएवढा होतो आणि सोडला की फुलतो. हे फुलणे म्हणजेच त्या रुमालाचा प्राण. सुती रुमाल चुरगळला की चुरगळलेलाच राहतो. रेशमाचा धागा दाबला तरी उसळून येतो.

“म्हणून आधी ही उसळी जपायची,” काका म्हणाले. “प्रयोग संपला, की जिथे जिथे कोंबले असतील तिथून त्याच रात्री सगळे रुमाल बाहेर. गाठी सोडायच्या, झटकायचे, रात्रभर दांडीवर मोकळे टाकायचे. घामाचा रुमाल तसाच पेटीत गेला तर समजा गेलाच.”

रुमाल जिथे जिथे कोंबतात त्या जागा कोणत्या, हे मी विचारले. काकांना एकाएकी ऐकू येईनासे झाले.

धुण्याचा विषय निघाला आणि आमची सौ. खुर्ची पुढे ओढून बसली. घरात सासूबाईंची पैठणी आहे ना! काकांचे सारे शास्त्र रिठ्याचे. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून पाणी गाळून घ्यायचे आणि त्यात एकेक रंग वेगळा धुवायचा. सोडा बिलकूल नको, कारण रेशीम हे लोकरीसारखेच प्राणिज. सोड्याने धागा खंगतो. ब्लीचिंगचे तर नावच काढू नये. लाल रुमालाचा भरवसा धरायचा नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा दाबून रंग सुटतो का पाहायचे. पिळायचे नाही. पंचात गुंडाळून हलकेच दाबायचे. शेवटच्या पाण्यात, बादलीला चमचाभर, व्हिनेगर. त्याने रेशमाची झाक परत येते. सावलीत वाळवून, थोडा दमट असतानाच, उलट बाजूने, वर सुती फडके टाकून, इस्त्री कोमट. कोरड्या रुमालावर पाणी शिंपडायचे नाही, ठिपके उठतात.

“आणि बोअरचं पाणी नको, वहिनी. रुमाल कडक होतो. मग तो फुलत नाही, नुसता उलगडतो.”

हा ‘फुलणे’ आणि ‘उलगडणे’ यांतला फरक मला फार आवडला.

स्वतःच्या हातांचीही निगा ते तशीच ठेवतात. नखाला कानस, बोटात अंगठी नाही, भेगांना कोकमतेल. तेही आदल्या रात्री, प्रयोगाच्या दिवशी नव्हे. एक खरखरीत नख लागले की धागा ओढला जातो.

ठेवण्याची रीत ऐकून सौ.चा चेहरा उतरला. प्लॅस्टिकची पिशवी नको. जुनी, धुतलेली मलमल हवी. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत, रेशमाला न लागतील अशा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पेटी उघडायची, कारण रेशीम आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पिऊन बसते आणि हाताला कोरडेच लागते. शिवाय घडी घालायची नाही, पुठ्ठ्याच्या नळीला मलमल लावून तिच्यावर गुंडाळायचे. आमची पैठणी गेली पंचवीस वर्षे एकाच घडीत आहे!

“घडी मोडत जा,” काका म्हणाले आणि पेटीच्या तळातून एक हिरवा रुमाल काढला.

तो त्यांच्या गुरूंचा. गुरूंनी त्याला चौघडी घालून कित्येक वर्षे देवाजवळ ठेवला होता. उजेडाकडे धरला तेव्हा चारी घड्यांवर धागे तुटून बारीक फटी पडलेल्या दिसल्या. मुलगा हिंजवडीत संगणकाच्या नोकरीवर. तो म्हणतो, काचेत घालून भिंतीवर लावू. पण उजेडाने रंग उडेल. पेटीत ठेवला तर असाच विरत जाईल, आणि प्रयोगात घेतला तर वर्षभरही टिकायचा नाही. काका हे सारे धुण्याच्या हिशेबासारखे कोरडेपणाने सांगत होते; हात मात्र रुमालावरून हलत नव्हता.

इतक्यात नात शाळेतून आली. सातवीत आहे. यंदा संमेलनात तिला प्रयोग करायचा आहे आणि हाच रुमाल हवा आहे. नवा लाल घे, असे काकांनी महिनाभर सांगून पाहिले म्हणे. “लाल मला घसरतो, आजोबा,” ती म्हणाली. “हा मऊ आहे.”

वापरून वापरून आलेला तो मऊपणा नव्या रुमालात कुठून असणार? काकांनी तिची नखे तपासली. एक नख कानसायला लावले. मग हिरवा रुमाल तिच्या हातावर ठेवला आणि फटी आतल्या बाजूला राहतील असा तिरका कसा धरायचा ते दाखवले. “हिसका द्यायचा नाही. त्याला आपणहून जाऊ दे.”

पोरीने मूठ मिटली, फुंकर घातली, मूठ उघडली. रुमाल नव्हता. तो कुठे गेला ते सौ.ने पाहिले म्हणते, पण परतीच्या बसमध्ये चिंचवड येईपर्यंत विचारले तरी तिने सांगितले नाही. घरी आल्यावर तिने आधी कपाट उघडले.